कारणाचा रकाना

कुणी त्यांना मिस्त्री म्हणून हाक मारली की ते हातातलं काम थांबवायचे, उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि शांतपणे म्हणायचे, "मिस्त्री नाय. फिटर." रागवायचे नाहीत. समोरच्याने "बरं, फिटर" म्हटलं की बोट खाली आणि काम पुढे सुरू. एका टॅक्सीवाल्याने मजा करायची म्हणून दिवसभरात दहा वेळा "ओ मिस्त्री" केलं, तर दहाही वेळा बोट वर. शेवटी टॅक्सीवालाच कंटाळला आणि गपगुमान फिटर म्हणायला लागला.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. दिसायला चारचौघांसारखा, पण एका बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. यांचं नाव मी सांगत नाही. स्वतःवर काही लिहिलेलं त्यांना आवडलं असतं की नाही, देव जाणे. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला बाय म्हणायचे, एवढं पुरे.

आमचं गॅरेज म्हणजे लालबागला दोन गिरण्यांच्या भिंतींमधल्या बोळात उभी केलेली पत्र्याची शेड. मी तिथे कारकून होते. गिरगावातली मुलगी गॅरेजमध्ये नोकरीला जाते म्हणून आमच्या चाळीत बऱ्याच जणींनी नाकं मुरडली. मुरडू देत. माझे वडील एका गिरणीच्या ऑफिसात लिहायला होते. संप झाला, गिरणी बंद पडली, पाठोपाठ ऑफिसला कुलूप लागलं आणि ते घरी बसले. मी कॉलेज अर्धवट सोडलं. घरात माणसं पाच आणि नोकरी एकटीची. नाकं मुरडणाऱ्यांपैकी कुणी डाळतांदूळ आणून टाकत नव्हतं.

संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. काही गिरण्यांचे दरवाजे उघडले आणि लोक मान खाली घालून एकेक करून आत जायला लागले. काकांच्या गिरणीचाही दरवाजा उघडला होता. ते गेले नाहीत. का गेले नाहीत ते मला पुढे कळलं, तेव्हा सांगेन.

एका सकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, लेंगा, काखेत कापडाची गुंडाळी. वय पंचावन्नच्या पुढचं. मालकांनी विचारलं, "गाड्यांचं काम येतं का?"

"मशीनचं येतं."

"मी गाड्यांचं विचारतोय."

"मग गाडी काय झाड हाय?"

आमच्या मालकांना उलट उत्तर खपत नसे. पण त्या दिवशी एक ट्रक सकाळपासून बोळात अडून बसला होता आणि मागे हातगाडीवाल्यांची रांग लागली होती. काकांनी ट्रकचं इंजिन सुरू करायला लावलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. "आधी आयकून घेऊया," म्हणाले. ऐकण्यात पाच मिनिटं गेली आणि दुरुस्तीत दहा. ट्रक गेला, काका राहिले.

त्या गुंडाळीत हत्यारांबरोबर मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा होता, त्यांच्याच गिरणीत विणलेला. काम सुरू करण्याआधी ते तो जमिनीवर अंथरायचे. यंत्रातून जो भाग निघेल तो पुसून, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडायचे. जोडताना उजवीकडून डावीकडे. गॅरेजमध्ये सगळीकडे काळं तेल, आणि मध्येच हे पांढरं स्वच्छ कापड, त्यावर रांगेत नटबोल्ट. आमच्या बाकीच्या लोकांनी सुरुवातीला खूप चेष्टा केली. "फिटर, पानं वाढा, आम्ही बसतोच," असं म्हणायचे. पण महिन्याभरात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. इतरांनी इंजिन जोडलं की एखादा बोल्ट उरायचा. काकांच्या कापडावर काही उरायचं नाही.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो कार्डामुळे. प्रत्येक गाडीचं एक कार्ड असे. त्यावर गाडीचा नंबर, मालकाचं नाव, तक्रार, केलेलं काम आणि सही. पहिल्याच दिवशी त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "कारण खंय लिहायचं?"

"कसलं कारण?"

"बिघाडाचं. गिरणीत मशीन थांबलं की वहीत लिवावं लागायचं. कधी थांबलं, कधी चालू झालं, आणि कशाने थांबलं. कारण लिवल्याबिगर फिटरची सही नाय."

मी पट्टी घेऊन पेन्सिलीने एक रकाना आखून दिला. मालकांनी तो पाहिला आणि वैतागले. "अगं, गिऱ्हाइकाला गाडी कधी मिळणार एवढं सांगितलं की झालं. कारण घेऊन तो काय लोणचं घालणार आहे?" पण काका सहीच करेनात, तेव्हा मालकांनी नाद सोडला.

मग त्या रकान्यात काय काय यायला लागलं म्हणून सांगू! हॉर्न वाजत नाही, कारण: फार वाजवला. दार लागत नाही, कारण: दार रागाने लावतात. एका टॅक्सीची क्लचप्लेट वर्षात तिसऱ्यांदा जळली, तर यांनी लिहिलं, कारण: ड्रायव्हरचा डावा पाय. त्या ड्रायव्हरने आकांडतांडव केलं. काकांनी शेजारी बसून त्याला आगरबाजारापर्यंत टॅक्सी चालवायला लावली. सबंध रस्ताभर त्याचा पाय क्लचवर ठेवलेलाच होता. परत आल्यावर तो म्हणाला, "पन लिहायचं कशाला, तोंडी सांगायचं ना." काका म्हणाले, "तोंडी सांगितल्यावर इसरतास."

बोलण्यात ते अधूनमधून मालवणीवर जायचे, विशेषतः माया आली की. घर परळला, एका खोलीचं. गावाला आई. गिरणीत सत्तावीस वर्षं फिटर. याहून जास्त त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही.

फक्त खंडेनवमीला ते सुट्टी घ्यायचे. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, गाड्यांची पूजा. सगळ्यात जास्त हत्यारं यांची, आणि हेच गैरहजर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, गिरणीवर जातो. गिरणीच्या दरवाजाशी जायचे, ओळखीच्या वॉचमनकडे झेंडूचा हार आणि नारळ द्यायचे. वॉचमन तो आत नेऊन त्यांच्या मशीनपुढे फोडायचा. "खरंच फोडतो का हो तो, की घरी नेऊन खातो?" मी विचारलं. तेव्हा मी अशीच होते, जिभेला हाड नव्हतं. काका म्हणाले, "आपण नारळ द्यायचो. तपास करूचो नाय."

आता त्या गाडीचं सांगते.

आमच्याकडे मलबार हिलच्या एका साहेबांच्या कंपनीच्या गाड्या कामाला येत. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी साहेबांनी स्वतःची खास गाडी पाठवली. लालभडक, दोन दारांची, परदेशी स्पोर्ट्स कार. त्यांच्या वडिलांनी बोटीने मागवलेली. एवढी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं वाटे. बोळात ती आली तेव्हा गिरणीच्या भिंतीवर माणसं चढून बघत होती. काकांनी दोन दिवस तिचं काम केलं, तिसऱ्या दिवशी खंडेनवमी, त्यानंतर दसरा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब स्वतः न्यायला येणार, असं ठरलं.

खंडेनवमीला पूजा मालकांनी मला करायला सांगितली. घरच्या लक्ष्मीच्या हातून बरी, म्हणाले. लक्ष्मीला चढायला तेवढं पुरलं. मी हळदीकुंकू ओलं करून घेतलं, अक्षता घेतल्या आणि एकेका गाडीला लावत गेले. लाल गाडीपाशी जरा जास्तच भाव आला. स्टिअरिंगला लावलं. मग वाटलं, गाडीचा जीव कशात? किल्लीत. म्हणून किल्लीच्या भोकाला अनामिकेने चांगलं ओलं हळदीकुंकू लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. हात जोडले. इतक्या सुंदर गाडीची पूजा आपल्या हातून झाली म्हणून मला केवढा आनंद झाला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी गाडी पुसून घेतली आणि बाहेर काढायला म्हणून किल्ली घातली. किल्ली अर्धी आत गेली आणि थांबली. त्यांनी दाबली. आणखी थोडी गेली, पण फिरेना. स्टिअरिंगही वळेना. या गाड्यांना स्टिअरिंग लॉक असतो. किल्ली काढली की आतून एक खुंटी स्टिअरिंगच्या दांड्यात जाऊन बसते, आणि किल्ली फिरवेपर्यंत चाक वळत नाही, म्हणजे चोराला गाडी नेता येत नाही. आता चोर तर राहिलाच, मालकच अडकले. त्यांनी जोर करून किल्ली थोडी वाकवली, मग घामाघूम होऊन बाहेर आले. ताडदेवच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ड्रिल मारून लॉक तोडा, नवीन परदेशातून मागवा, तीन महिने तर धराच.

मालकांनी वाकडी किल्ली माझ्या टेबलावर टाकली. तिच्या टोकाला लाल-पिवळं काहीतरी लागलं होतं. मी ते पाहिलं आणि ओळखलं, माझंच हळदीकुंकू.

मी बोलले का? नाही बोलले. तुम्हाला खोटं सांगून काय करू? साहेबांच्या कंपनीच्या गाड्या गेल्या तर निम्मं गॅरेज रिकामं पडणार होतं, आणि ते ज्याच्यामुळे झालं त्याला मालक एक दिवस ठेवणार नव्हते. घरी पाच तोंडं. मी किल्ली कार्डाखाली सरकवली आणि रजिस्टर लिहायला लागले.

काका आले. कापड अंथरलं. किल्ली मागितली. मी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग नाकाजवळ. एकदा माझ्याकडे बघितलं. पण ते एवढंच म्हणाले, "बाय, लिवणं ठेव जरा. माझ्याबरोबर ये. स्टिअरिंग धरायला माणूस पाहिजे."

आधी त्यांनी वाकवलेल्या सुईने भोकातून काही निघतं का ते अर्धा तास पाहिलं. निघालं नाही, उलट आत सरकायला लागलं. मग पूर्ण लॉकच दांड्यावरून उतरवायचं ठरलं. त्याचे दोन बोल्ट कारखान्यातच डोकी तोडून बसवलेले असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. मालक म्हणाले, ड्रिल मारा. काका म्हणाले, "ड्रिल कसाई पण मारील."

साठीला आलेला तो माणूस त्या बुटक्या गाडीत उलटा शिरला. डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. बारीक छिन्नी बोल्टच्या कडेवर टेकवायची आणि छोट्या हातोडीने ठोके द्यायचे, उलट्या दिशेने, म्हणजे बोल्ट केसभर फिरतो. टुक. टुक. टुक. मी शेजारच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. "डावीकडे दाब. जोर नको गो, नुसता भार काढ त्याच्यावरचा. हां. तसंच धर." असे दोन तास. माझे हात भरून आले, त्यांच्या डोळ्यांत गंज पडत होता. तेवढ्या वेळात ते माझ्याशी त्याखेरीज एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर लॉक हातात आला. त्यांनी मागच्या बाजूने पेट्रोल सोडलं, हलके ठोके दिले, सुईने ओढलं, आणि हळदीच्या चिखलातून तांदळाचा एक दाणा बाहेर आला. ओला होऊन फुगलेला, पिवळा, मध्ये तुटलेला. मग किल्ली ऐरणीवर सरळ केली, ती गेली, फिरली. आतल्या पितळी पत्र्या काढून धुतल्या, खालच्या केसासारख्या स्प्रिंगा तपासल्या, आणि सगळं रांगेने कापडावर मांडलं. दाणासुद्धा. तो ज्या क्रमाने निघाला त्या जागी, पत्र्यांच्या आधी.

जोडणी झाली तेव्हा चार वाजले होते. बोल्ट परत त्याच जागी, खुंटी परत दांड्याशी. हात पुसत ते माझ्या टेबलापाशी आले, दाणा कागदावर ठेवून पुढे सरकवला आणि म्हणाले, "लिव. कारण."

मी हळूच म्हटलं, "काका, लॉक जुना होता, झिजला होता, असं लिहू?"

"लॉक झिजलेलो नाय. लॉक एक नंबर हाय. चुकीची वस्तू आत इली, तो फिरलो नाय. तेच तर त्याचं काम. त्याच्यावर खोटा आळ कित्याक घालतंस?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "तुम्हाला लॉकाची पडलीये. माझी नोकरी जाईल. घरी सगळे माझ्यावर आहेत, तुम्हाला माहीत आहे."

ते माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. गॅरेजमध्ये त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"माझी गिरणी उघडली तेव्हा साहेबाने आमच्यापुढे एक कागद ठेवल्यान," ते म्हणाले. "हमीपत्र. मी संपावर गेलो ही माझी चूक झाली, परत करणार नाय, असं त्यात लिवलेलं. खाली सही करायची आणि आत जायचं. माझं मशीन मला दरवाजातून दिसत होतं. पण बाय, मी चूक केली नव्हती. म्हणून मी सही केली नाय. चूक केली असती तर तिथल्या तिथे सही केली असती, मला लाज नव्हती." दाण्याकडे बोट करून ते म्हणाले, "तू चूक केलंस. मोठी नाय, पण केलंस. तुझा कागद खरो हाय. रडतंस कित्याक? सही कर."

सत्तावीस वर्षांची नोकरी या माणसाने कशासाठी सोडली ते मला त्या दिवशी कळलं. मी डोळे पुसले आणि लिहिलं. कारण: अक्षता. पूजेच्या वेळी किल्लीच्या भोकात गेली. पूजा करणार, आणि पुढे माझं पूर्ण नाव. खाली सही. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि कामाच्या रकान्यात स्वतःची सही केली.

मालकांनी कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय लिहिलंयस? साहेबांना हे दाखवू? फाडून टाक." काका मोरीवर हात धूत होते. तिथूनच म्हणाले, "फाडा. मी दुसरं लिवतो, तेच." तेवढ्यात साहेबांची टॅक्सी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली.

साहेब उंच, गोरे, कपड्यांना कडक इस्त्री. बातमी त्यांना सकाळीच फोनवर कळली होती, म्हणजे लॉक बिघडलाय एवढीच. त्यांनी हात पुढे केला. मालकांनी नाइलाजाने कार्ड दिलं. साहेबांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे परत केलं. "मराठी पढना नहीं आता. क्या हुआ था? तुम पढो."

बघा म्हणजे. लिहिलं होतं ते वेगळं, आता वाचायचं होतं. मालक साहेबांच्या मागे उभे राहून मला डोळ्यांनी खुणावत होते. काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. झिजला होता म्हटलं असतं, साहेब मान हलवून निघून गेले असते. काका अजून मोरीवरच होते, आमच्याकडे पाठ करून नखं घासत होते. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी कार्ड उचललं आणि जसं होतं तसं वाचलं, माझ्या नावासकट.

"अक्षता मतलब?"

"चावल, साहेब," मालक पुटपुटले. "पूजा का चावल."

मी कागदावरचा दाणा पुढे केला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "मैंने पूजा करने को बोला था?"

"नाही, साहेब. आमच्याकडे सगळ्याच गाड्यांची करतात."

साहेब वळले. गाडीत बसले, किल्ली लावली, फिरवली, स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवून पाहिलं. परत किल्ली काढली, परत लावली. लॉक बसायचा तेव्हा बसला आणि सुटायचा तेव्हा सुटला. मग दार लावलं आणि गाडी बोळातून बाहेर गेली. रागावले की नाही, काही पत्ता लागू दिला नाही. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी बोलू."

ते गॅरेज आता नाही. त्या दोन्ही गिरण्याही नाहीत. बोळ जिथे होता तिथे एका टॉवरचं पार्किंग आहे. काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते कणकवलीजवळच्या आपल्या गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड मला दहाव्यानंतर मिळालं, त्यामुळे जाणंही झालं नाही. त्याची चुटपुट आहे मला. साहेबांचं म्हणाल, तर पुढच्या दसऱ्याआधी ती लाल गाडी परत आली. ड्रायव्हरने चिठ्ठी आणली होती. 'काम वही फिटर करेगा. पूजा करना, चावल नहीं.' पण हे सगळं नंतरचं. त्या दसऱ्याच्या वेळी आम्हाला कुणालाच याची कल्पना नव्हती, मालकांना तर नाहीच.

ती सकाळ सांगायची राहिली. मी नेहमीच्या आधी पोचले. घरी काही बोलले नव्हते. टेबलातली माझी पेनं, कंगवा, डबा मी पिशवीत भरून ठेवला, म्हणजे सगळ्यांसमोर आवरावं लागू नये. मालक आले. खुर्चीत बसले. त्यांच्यासमोर एक कोरं कार्ड होतं. बराच वेळ ते पेनाचं टोपण काढून परत लावत राहिले.

"रात्रभर डोळा नाही माझा," ते म्हणाले. "काल जाताना तो तुझा फिटर काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, तुम्ही मालक, पोरीला काढायचं तर काढा. पण कार्ड करा. कारणाच्या रकान्यात खरं लिहा. चूक केली तेव्हा ठेवली होती, चूक लिहून दिली म्हणून काढली. खाली तुमची सही करा, म्हणाला."

मी उभीच होते.

"हे असं कसं लिहू मी?" मालक चिडून म्हणाले. "बस. रजिस्टर उघड. आणि पुढच्या वर्षी पूजा मी करणार, तू हात लावायचा नाहीस." कोरं कार्ड त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं.

मी बसले. पिशवीतून पेनं काढून टेबलावर ठेवली. पाठ ताठ होती. माझ्या त्या साध्या लाकडी खुर्चीवर मी इतकी ताठ आधी कधी बसले नव्हते आणि नंतर मोठ्या ऑफिसांतल्या फिरत्या खुर्च्यांवरही बसले नाही.

साडेनऊला काका आले. सदरा खुंटीला लावला, बाह्या वर केल्या. मालक काय म्हणाले, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी खुर्चीवर आहे एवढं पाहिलं, आणि ज्यांनी सत्तावीस वर्षांत मशीनखेरीज कशापुढे मान लववली नव्हती, त्यांनी माझ्याकडे बघून मान जराशी लववली. मग कापड काढलं आणि कोपऱ्यातल्या टेम्पोकडे गेले.